आरतीची चिठ्ठी एकाच घरी तीनदा: ८००० त एक की पाचात एक?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. सोसायटीत २० घरं. गणपतीचे १० दिवस संध्याकाळच्या आरतीचा मान कुणाला, हे रोज डब्यातून चिठ्ठी काढून ठरतं. निघालेली चिठ्ठी घडी घालून पुन्हा डब्यातच टाकतात. यंदा खजिनदारांच्या घराचं नाव तीन वेळा आलं. बारावीतल्या तुमच्या चिरंजीवांनी १/२० × १/२० × १/२० = १/८००० असा हिशेब केला, आणि तो आकडा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडल्यापासून खजिनदार कुणाशी धड बोलत नाहीत. हिशेब बरोबर आहे का, आणि चिठ्ठ्यांत गडबड झाली असं त्यावरून म्हणता येईल का, एवढं तुम्हाला हवं आहे.

गुणाकार बरोबर आहे. तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे, तो प्रश्न मात्र तुमच्या सोसायटीत कुणी विचारलेलाच नाही.

माझी ओळख एवढीच की एकवीस वर्षं एका कारखान्याच्या तपासणी विभागात खोक्यातून नग काढून गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, लावण्यात गेली, आणि आता संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना संभाव्यता शिकवतो. दोन्हीकडे एकच चूक पाहिली. पोरं काय आणि इंजिनिअर काय, आधी गुणाकार करून मोकळे होतात आणि कशाचा कशाशी गुणाकार केला ते नंतर बघतात. म्हणून जरा मुळापासून सांगतो, कंटाळू नका.

पहिल्या दोन दिवसांचाच विचार करा. पहिल्या दिवशी २० पैकी कुठलंही नाव येऊ शकतं. चिठ्ठी परत टाकली, डबा हलवला, तर दुसऱ्या दिवशीही तेच २०. पहिल्या दिवसाच्या प्रत्येक निष्पत्तीला, म्हणजे निघू शकणाऱ्या प्रत्येक निकालाला, दुसऱ्या दिवसाच्या २० निष्पत्ती जोडता येतात, म्हणजे नमुना अवकाशात (सगळ्या शक्य निकालांच्या यादीत) २० × २० = ४०० जोड्या झाल्या, आणि सगळ्या सारख्याच संभाव्य. त्यात ‘दोन्ही दिवस खजिनदार’ अशी जोडी एकच. म्हणून १/४००. गुणाकाराचा नियम म्हणून जो सांगतात तो एवढाच, जोड्या मोजण्याचा.

आता चिठ्ठी परत टाकलीच नाही असं समजा. जोड्या २० × १९ = ३८० होतील आणि त्यात ‘खजिनदार, खजिनदार’ ही जोडीच नसेल. १/२० ला १/२० ने गुणायला कागद-पेन आडवं येत नाही, पण उत्तर खोटं निघेल. कारण खरा नियम असा आहे: दोन्ही घटना घडण्याची संभाव्यता म्हणजे पहिलीची संभाव्यता गुणिले, पहिली घडून गेली आहे हे धरून दुसरीची संभाव्यता. या दुसऱ्या तुकड्याला सशर्त संभाव्यता म्हणतात. चिठ्ठी परत टाकल्यामुळे डबा पुन्हा होता तसा होतो, म्हणून ‘पहिली घडून गेली आहे हे धरून’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही आणि दुसरा तुकडाही साधा १/२० च राहतो. अशा घटनांना आपण स्वतंत्र म्हणतो. गुणाकाराला परवानगी देणारी गोष्ट चिठ्ठीवरचं नाव नाही, डबा पूर्ववत करण्याची ती कृती आहे. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

तर मग १/८००० कशाचं उत्तर आहे? गणपती बसायच्या आधी कुणीतरी सांगितलं असतं की ‘दुसऱ्या, पाचव्या आणि नवव्या दिवशी खजिनदारांचंच नाव येईल, बघाच’, तर ते खरं ठरण्याची संभाव्यता १/८०००. दिवस आधी ठरलेले, घरही आधी ठरलेलं. पण तुमच्याकडे असं कुणी सांगितलं नव्हतं. दहा दिवस झाल्यावर मागे वळून मोजलं, तेव्हा तीन चिठ्ठ्या दिसल्या.

आधी दिवसांची अट सोडून देऊ. १० दिवसांतले कुठलेही ३ निवडायचे तर (१० × ९ × ८) ÷ ६ = १२० प्रकार. उरलेल्या ७ दिवशी दुसऱ्या कुणाचं तरी नाव यायला हवं, म्हणजे ०.९५ चा सातवा घात, ०.६९८३. मुलं हा तुकडा हमखास विसरतात. सगळं मिळून:

१२० × १/८००० × ०.६९८३ = ०.०१०५

ही झाली नेमकं तीनदा येण्याची संभाव्यता. चारदा आलं असतं तर लोक गप्प बसले असते का? तेव्हा ‘तीन किंवा अधिक वेळा’ असंच मोजायला हवं. ते उलट्या बाजूने सोपं जातं. एकदाही नाही: ०.५९८७. नेमकं एकदा: ०.३१५१. नेमकं दोनदा: ०.०७४६. बेरीज ०.९८८५ होते, ती १ मधून वजा केली की उरतात ०.०११५. म्हणजे सव्वा टक्क्याच्या जरासं खाली, साधारण ८७ वर्षांत एकदा. ८००० चे ८७ वर आलो, आणि अजून अर्धंच अंतर कापलंय.

आता घराची अट. तीनदा नाव तुमचं आलं असतं, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं आलं असतं, तरी ग्रुपवर ‘हे कसं काय?’ झालंच असतं. तेव्हा खरा प्रश्न असा: २० पैकी कुठल्या तरी एका घराचं नाव १० दिवसांत तीन किंवा अधिक वेळा येण्याची संभाव्यता किती?

घाईघाईत २० × ०.०११५ केलं तर २३ टक्के येतात. हे थोडं जास्त आहे, कारण दोन घरांना तीन-तीनदा मान मिळाला अशी वर्षं यात दोनदा मोजली गेली. शिकवणीतला हुशार मुलगा म्हणतो, ‘सर, मग पूरक घटना, म्हणजे असं कुणाचंच न होणं, घेऊ: ०.९८८५ चा विसावा घात काढून १ मधून वजा करू.’ त्याचं उत्तर येतं २०.७ टक्के, आणि ते थोडं कमी आहे. का? कारण दिवस एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, घरं नाहीत! एका घराला तीन दिवस गेले की बाकीच्या १९ जणांना सातच उरतात. एकाचं नशीब दुसऱ्याच्या वाट्यातून जातं. तिथे गुणाकाराला परवानगी नाही. एकाच डब्यातून, एकाच खेळातून निघालेल्या घटनांपैकी काही स्वतंत्र असतात आणि काही नसतात, हे मला स्वतःलाही नोकरीत बऱ्याच उशिरा नीट कळलं.

नेमका आकडा हवा तर १० चिठ्ठ्यांच्या ज्या रांगांमध्ये कुणाचंही नाव दोनपेक्षा जास्त वेळा येत नाही, त्या मोजाव्या लागतात: सगळी नावं वेगळी असलेल्या, एक नाव दोनदा असलेल्या, दोन नावं दोनदा असलेल्या, अशा पाच जोड्यांपर्यंत. मी मोजल्या. त्या ७७.९ टक्के भरतात. म्हणजे कुणाचं तरी नाव तीन किंवा अधिक वेळा येण्याची संभाव्यता २२.१ टक्के. चार-पाच वर्षांतून एकदा हे व्हायचंच. तुमच्याकडे ही पद्धत किती वर्षं चालू आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण जुन्या वह्या असतील तर चाळून बघा. एखाद्या वर्षी दुसऱ्या कुणाचं नाव तीनदा आलेलं सापडलं तर मला नवल वाटणार नाही.

दोनदा येणं तर जवळजवळ ठरलेलंच. दहाही दिवस वेगवेगळी दहा घरं येण्याची संभाव्यता २० × १९ × १८ … × ११ भागिले २० चा दहावा घात, म्हणजे ०.०६५५. साडेसहा टक्के फक्त! उरलेल्या साडेत्र्याण्णव टक्के वेळा कुणीतरी रिपीट होणारच. २३ माणसांच्या खोलीत दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची संभाव्यता निम्म्याहून जरा जास्त, ५०.७ टक्के असते, ते कोडं तुम्ही ऐकलं असेल. तोच हा हिशेब. ३६५ चिठ्ठ्यांचा डबा, चिठ्ठी परत टाकून २३ वेळा काढायची. आणि लागोपाठ दोन दिवस एकच नाव आलं की लोक एकमेकांकडे बघतात ना? त्याचीही संभाव्यता काढून ठेवा. दुसऱ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत ९ वेळा ‘कालचंच नाव आलं नाही’ असं व्हायला हवं, प्रत्येक वेळी १९/२०. तेव्हा १ वजा ०.९५ चा नववा घात, म्हणजे ३७ टक्के.

इथे खजिनदारांच्या विरुद्ध पक्षाचीही बाजू मांडली पाहिजे, नाहीतर माझा हिशेब एकतर्फी होईल. गणपतीच्या आधीपासूनच कुणाला त्यांच्यावर संशय असेल आणि तो उघड बोलून दाखवला असेल, तर २२ टक्के लावता येणार नाहीत. तिथे ते सव्वा टक्केच लागू पडतात. संशय खजिनदारांवर नाही, एकूण कार्यकारिणीवर होता असं धरलं आणि कार्यकारिणीत पाच घरं असली, तर पाचपैकी कुणाला तरी तीनदा मान मिळण्याची संभाव्यता पावणेसहा टक्क्यांच्या आसपास येते. घटना तीच, पण आधी काय विचारलं होतं त्यावर आकडा बदलतो. आणि सव्वा टक्का म्हणजेही गुन्हा सिद्ध नव्हे.

‘१० दिवस, २० घरं, म्हणजे आपल्याला मान मिळायची निम्मी शक्यता’ हे वाक्य तुमच्या प्रश्नात ओझरतं आलंय. ते सोडून पुढे जाववत नाही, कारण ही चूक साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. फ्रान्समधला शेवालिए द मेरे हा फाशांच्या खेळातला दर्दी माणूस. एक फासा चार वेळा टाकून एकदा तरी सहा पाडण्याच्या पैजेत फायदा होतो हे त्याला माहीत होतं. मग दोन फासे २४ वेळा टाकून एकदा तरी दोन्हींवर सहा पाडण्याची पैजही फायद्याची असायला हवी असं त्याचं म्हणणं, कारण ४ ला ६ तसे २४ ला ३६. पण ती तोट्यात जात होती. २९ जुलै १६५४ च्या पत्रात पास्कल या गणितज्ञाने फेर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला ही अडचण कळवली आहे. पहिल्या पैजेत १ वजा (५/६) चा चौथा घात, म्हणजे ०.५१७७, दुसरीत १ वजा (३५/३६) चा चोविसावा घात, म्हणजे ०.४९१४. एक अर्ध्याच्या जरा वर, दुसरी जरा खाली. चूक कुठे झाली? संभाव्यतांची सरळ बेरीज केली. अशी बेरीज करता आली असती तर सहा वेळा फासा टाकल्यावर सहा पडलंच पाहिजे, आणि लुडो खेळलेल्या कुठल्याही पोराला विचारा, ते तसं होत नाही.

तुमच्याकडे चिठ्ठी परत टाकतात, म्हणून एका घराला एकदा तरी मान मिळण्याची संभाव्यता १ वजा ०.५९८७, म्हणजे ४० टक्के. निम्मी नाही. सरासरीने १२ घरं दरवर्षी कोरडी राहतात. सकाळच्या आरतीलाही चिठ्ठी काढायला लागलात आणि एकूण २० वेळा काढलीत, तरी एखादं घर वगळलं जाण्याची संभाव्यता जवळजवळ ३६ टक्के राहील. साधारण सात घरांना तेव्हाही काही मिळणार नाही. वीसही घरांना एकदा तरी मान मिळेपर्यंत चिठ्ठ्या काढायच्या ठरवल्या तर सरासरी ७२ वेळा काढाव्या लागतात. दरवर्षी १० प्रमाणे सात वर्षांहून जास्त!

चिठ्ठी परत टाकली नाही तर मात्र ते ‘निम्मी शक्यता’ वाक्य तंतोतंत खरं आहे. भिशीत हेच होतं. बारा जणींची भिशी, ज्या बाईची चिठ्ठी निघाली ती बाजूला, त्यामुळे वर्षाअखेर प्रत्येकीला एकदाच रक्कम मिळते. भिशीबद्दल एक गैरसमज पक्का असतो की पहिल्या महिन्यात १२ त एक आणि पुढे चिठ्ठ्या कमी होत जातात, म्हणून उशिराच्या महिन्यात आपला नंबर लागण्याची शक्यता वाढते. वाढते खरी, पण तोपर्यंत आपलं नाव निघालेलं नसेल तरच. भिशी सुरू होण्याआधी बसून विचारलं की ‘तिसऱ्याच महिन्यात माझा नंबर लागेल का?’ तर उत्तर ११/१२ × १०/११ × १/१० = १/१२. पहिल्या महिन्याइतकंच, शेवटच्या महिन्याइतकंच. तुमच्या डब्याचंही तसंच: कुठल्याही एका ठरावीक दिवशी तुमचं नाव येण्याची संभाव्यता दोन्ही पद्धतींत १/२० च असते. फरक पडतो तो दोन दिवस एकत्र बघितल्यावर. स्वतंत्र असणं हा एकट्या घटनेचा गुण नसतो. तो दोघींमधल्या नात्याचा असतो.

चिरंजीवांच्या परीक्षेसाठी एक गणित इथेच उरकतो. पिशवीत ५ लाल, ३ पांढरे, २ निळे चेंडू. तीन चेंडू काढले, तर तिन्ही रंगांचा एकेक येण्याची संभाव्यता काय? प्रत्येक वेळी परत ठेवून: ०.५ × ०.३ × ०.२ = ०.०३. इथे थांबलं की मार्क गेले, कारण ही फक्त ‘आधी लाल, मग पांढरा, मग निळा’ या क्रमाची संभाव्यता आहे. क्रम सहा, म्हणून ०.१८. परत न ठेवता: ६ × (५ × ३ × २) ÷ (१० × ९ × ८) = ०.२५. परत न ठेवता वाढली, कारण एक लाल बाहेर गेला की पुन्हा लालच येण्याचा धोका कमी होतो. तिघांत एक तरी लाल हवा असेल तर सरळ पूरक घटना: परत ठेवून १ − १/८ = ७/८, न ठेवता ११/१२. प्रश्नात ‘एकाच वेळी काढले’ असं असेल तर ते परत न ठेवताच, हे शब्द वाचायला त्याला सांगा. आणि ‘परस्पर वर्जक’ (दोन्ही एकदम घडूच न शकणाऱ्या) म्हणजे ‘स्वतंत्र’ असं कुठे लिहीत असेल तर कान धरा. ‘आजचा मान आमचा’ आणि ‘आजचा मान तुमचा’ या वर्जक घटना. एक घडली की दुसरीची संभाव्यता शून्य होते, यापेक्षा जास्त परावलंबी काय असणार? ‘आजचा आमचा’ आणि ‘उद्याचा तुमचा’ या स्वतंत्र.

आता डब्याकडे येतो, कारण आतापर्यंतचा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: परत टाकल्यावर डबा खरोखर पूर्ववत होतो. तुम्ही लिहिलंय की चिठ्ठी घडी घालून वरून टाकतात. हलवतात का? २० चिठ्ठ्यांच्या डब्यात कालची चिठ्ठी सगळ्यात वर पडून राहिली आणि आज पोराने वरच्या दहातूनच एक उचलली, तर कालच्याच नावाची संभाव्यता १/२० ची १/१० होते. दुप्पट. चिठ्ठी परत टाकली, तरी घटना स्वतंत्र राहिल्या नाहीत. शिवाय उघडून पुन्हा घडी घातलेली चिठ्ठी कोऱ्या घडीपेक्षा फुगते, हाताला वेगळी लागते. जी एकदा निघाली ती पुन्हा निघायला सोपी जाते, आणि यात कुणाची लबाडी असायची गरज नसते.

हे नुसतं पुस्तकी नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १ डिसेंबर १९६९ ला, अमेरिकेत सैन्यभरतीचा क्रम ठरवायला वाढदिवसांची सोडत झाली. ३६६ तारखा ३६६ कुप्यांत भरल्या होत्या. कुप्या महिन्यामहिन्याने पेटीत टाकल्या आणि नीट ढवळल्या नाहीत. निकाल असा लागला की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांच्या वाट्याला लहान, म्हणजे आधी बोलावणं येणारे क्रमांक प्रमाणाबाहेर आले. संख्याशास्त्रज्ञांनी ते दाखवून दिलं आणि पुढच्या सोडतीत पद्धत बदलावी लागली. तिथे चिठ्ठी परत टाकायची नव्हती, पण ढवळण्याचा धडा तोच.

मी तो धडा पदरचे पैसे घालून शिकलो. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी बुशांचा (यंत्रात बसणाऱ्या छोट्या नळकांड्यांचा) एक मोठा लॉट माझ्याकडे तपासणीला आला. दोन टक्क्यांपर्यंत खराब चालतील असा करार. मी एका खोक्यातून पाच नग घेतले, माप मर्यादेत आहे की नाही एवढंच सांगणारं गो-नोगो गेज लावलं, पाचही बरोबर, लॉट पास. सगळ्या खोक्यातून एकेक नग काढावा एवढा उत्साह त्या दिवशी नव्हता. पाचही नग वरच्या थरातले होते, आणि वरचा थर टूल बदलल्यानंतरचा होता. खालचे थर झिजलेल्या टूलवर निघालेले, त्यात सलग खराब. लॉट परत आला, वाहतुकीचा खर्च माझ्या पगारातून कापला गेला. झिजलेल्या टूलवरचा एक नग खराब निघाला की शेजारचाही खराब असण्याची शक्यता वाढते. ०.९८ चा पाचवा घात वगैरे तिथे लावण्यात अर्थ नव्हता. मी तपासलेले पाच नग प्रत्यक्षात एकाच नगासारखे होते.

कारखान्यात तपासलेला नग पुन्हा खोक्यात टाकून परत काढत नाहीत, हे उघड आहे. तरी आम्ही सर्रास गुणाकार करतो, आणि तो चालतो, जर लॉट मोठा असेल आणि नग सगळीकडून उचलले असतील तर. १०,००० नगांत २०० खराब असतील आणि ५ काढले, तर एकही खराब न निघण्याची संभाव्यता परत टाकून ०.९०३९ आणि न टाकताही चौथ्या दशांशापर्यंत तीच. ५० नगांत १ खराब असेल आणि ५ काढले तर ०.९०३९ विरुद्ध ०.९, अजूनही चालतं. पण त्याच ५० मधून २५ काढले की ०.६०३५ विरुद्ध ०.५, आणि तिथे गुणाकाराने फसवलं. आमच्याकडे अंगठ्याचा नियम होता: नमुना लॉटच्या दहाव्या हिश्शाच्या आत असेल तर परत टाकल्यासारखं धरा. तुमच्या डब्यातून २० पैकी १० काढता, निम्मा डबा. तिथे परत टाकली की नाही याने सगळं बदलतं.

स्वतंत्र नसलेल्या गोष्टी गुणल्या तर माणसं तुरुंगात जातात, हेही सांगून ठेवतो, कारण तुमचा मामला सध्या ग्रुपवरच्या खटल्याचाच आहे. इंग्लंडमध्ये १९९९ साली एका आईवर दोन तान्ह्या मुलांच्या मृत्यूबद्दल खटला चालला. तज्ज्ञ डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं की अशा घरात असा एक आकस्मिक मृत्यू होण्याची संभाव्यता ८,५४३ त एक, म्हणून दोन होण्याची तिचा वर्ग, ७ कोटी ३० लाखांत एक. पण मुलं सख्खी भावंडं. आई-बाप तेच, घर तेच. एकाला जे कारण भोवलं ते दुसऱ्यालाही भोवू शकतं. वर्ग करायला आधार काय? ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या गुणाकाराला जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. त्यात नव्याने पुढे आलेला वैद्यकीय पुरावाही होता. तुमच्या डब्यात निदान चिठ्ठी परत टाकत होते, म्हणून १/२० ला १/२० ने गुणण्याचा आधार तरी आहे. चूक झाली ती पुढच्या पायरीला.

आता करायचं काय? माझं मत विचाराल तर मान वाटायचा असेल तिथे चिठ्ठी परत टाकूच नये. यंदा निघालेल्या १० चिठ्ठ्या पाकिटात, उरलेल्या १० पुढच्या वर्षी. दोन वर्षांत प्रत्येक घराला एकदा मान, आणि कुणालाही दोनदा नाही. परत टाकायचीच असेल तर एकाच कागदाच्या सारख्या पट्ट्या, दर दिवशी वीसही चिठ्ठ्या नव्याने लिहून घडी घालायच्या, उभट डब्याऐवजी पसरट परात घ्यायची, आणि खजिनदारांच्या घरातल्या कुणीही हात घालायचा नाही. शेवटची अट त्यांच्याच भल्याची आहे.

आणि माझ्या २२ टक्क्यांवर विश्वास ठेवायची गरज नाही. चिरंजीवांना एक्सेलमध्ये रँडबिटवीन (RANDBETWEEN, दोन आकड्यांमधला कुठलाही एक आकडा देणारं सूत्र) वापरून एका ओळीत १ ते २० मधले दहा आकडे टाकायला सांगा. अशा शंभर ओळी करायच्या, म्हणजे शंभर वर्षांचे गणपती झाले. किती ओळींत एखादा आकडा तीन किंवा अधिक वेळा आला ते मोजायचं. नेमके २२ येतील असं नाही. १४ ते ३० मध्ये काहीही आलं तरी ते नेहमीचंच. तो तक्ता मग ग्रुपवर टाका, जिथे १/८००० टाकलं होतं तिथेच.